समुद्र नसलेल्या जिल्ह्यात कुरव कशाला अभ्यासायचा?

भंडाऱ्याला समुद्र नाही. रेल्वेनं मुंबई गाठायची तर नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. तरीही या वेळी मी सीगलवर, म्हणजे मराठीत ज्याला कुरव म्हणतात त्या पक्ष्यावर लिहितोय. त्याला कारण आहे. पेट निघाली, नेट निघाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय अशा टप्प्यावरच्या मुलामुलींचा मला हमखास येणारा प्रश्न असतो: "दादा, आपल्या इकडं विषय काय आहे?" माझं म्हणणं असं, की विषय इकडचा असला तरी प्रश्न विचारायची पद्धत कुठूनही उचलता येते. आणि माणसांच्या वस्तीत राहणाऱ्या पक्ष्यांवर प्रश्न कसे विचारायचे, हे शिकायला कुरवासारखा गुरू नाही.

आधी साधी गोष्ट. "समुद्रकाठच्या गावात कुरव राहतात" हे वाक्य घ्या. संशोधनाच्या नजरेनं यात सगळ्यात अडचणीचा शब्द कोणता? कुरव नाही, गाव नाही. "राहतात".

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावात हेरिंग कुरव खरोखर राहतो. घरांच्या छपरांवर घरटी करतो, पिलं वाढवतो, पर्यटकांच्या हातातले बटाट्याचे तळलेले काप पळवतो. आपल्या कोकणात तसं नाही. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना पांढऱ्या पक्ष्यांचा थवा दिसतो, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागं लोक फेकतील ते झेलत जे पक्षी उडतात, ते बहुतेक हिवाळी पाहुणे. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांवर अंडी घालतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाली येतो आणि मार्च-एप्रिलात परत जातो. हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतंच, डोळ्यामागं फक्त एक मळकट ठिपका असतो. त्यामुळं पुस्तकातलं चित्र घेऊन बंदरावर उभा राहिलेला नवखा गोंधळतो. परतीच्या आधी मात्र काहींची डोकी हळूहळू रंगू लागतात. हा पक्षी फक्त किनाऱ्यालाच येतो असंही नाही. उजनीच्या जलाशयावर, भिगवणला, हिवाळ्यात तो मच्छीमारांच्या होड्यांभोवती घिरट्या घालताना दिसतो.

म्हणजे इंग्लंडचा कुरव घरमालक आणि आपला भाडेकरू. तिकडच्या अभ्यासाचे निष्कर्ष उचलून "हर्णैचे कुरवही असंच वागतात" असं लिहिलं, तर व्हायवाला बसलेला परीक्षक पहिला चिमटा इथंच काढेल. घरटं सांभाळणारा पक्षी आणि फक्त पोट भरायला आलेला पक्षी माणसाला सारखंच भितील, असं गृहीत धरता येत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "अधिवास", "वास्तव्य", "स्थानिक" असे शब्द असतील, तर प्रत्येकापुढं स्वतःला विचारा: कोणत्या महिन्यात? काय करायला? अंडी घालायला की खायला?

आता पद्धतीकडं येऊ. एक्झेटर विद्यापीठात मॅडलीन गूमास या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं २०१९ मध्ये एक प्रयोग छापला. मला तो शिकवण्यासाठी फार आवडतो, कारण त्यात यंत्रबिंत्र काही नाही. कॉर्नवॉलच्या किनारी गावांत जायचं, बटाट्याच्या कापांची पारदर्शक पिशवी जमिनीवर ठेवायची, थोड्या अंतरावर उभं राहायचं. एकदा कुरवाकडं रोखून बघायचं, एकदा तोंड फिरवून उभं राहायचं. पक्षी पिशवीपर्यंत यायला किती वेळ घेतो ते घड्याळात मोजायचं. झालं. निष्कर्ष: कोणी बघत असेल तर पक्ष्याला सरासरी २१ सेकंद जास्त लागतात.

बातम्यांमध्ये हे "कुरवाकडं टक लावून बघा, खाणं वाचेल" असं आलं. पण तुम्ही बातमी वाचणारे नाही, पेपर वाचणारे व्हायचंय. तेव्हा आत शिरा. ७४ पक्ष्यांवर प्रयत्न झाला. त्यातले जवळ आले फक्त २७. दोन्ही प्रकारच्या चाचण्या पूर्ण केल्या त्या १९ पक्ष्यांनी. यात दोन गोष्टी दडल्यात.

पहिली: "कुरव खाणं पळवतात" हे विधान मुळात थोड्या धीट पक्ष्यांबद्दल आहे. बाकीचे आलेच नाहीत. आपल्याला चोर दिसतो, न आलेले दिसत नाहीत. आणि २१ सेकंदांचा आकडाही त्या धीट पक्ष्यांचाच आहे, सगळ्या कुरवांचा नव्हे. तुमच्या प्रश्नावलीलासुद्धा हेच लागू. ज्यांनी भरून दिली त्यांचंच मत तुमच्याकडं येतं. हा मुद्दा सगळ्या शाखांचा आहे, प्राणिशास्त्राचा एकट्याचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकाच पक्ष्यावर दोन्ही चाचण्या का केल्या? समजा, दहा पक्ष्यांकडं रोखून बघितलं आणि दुसऱ्या दहांकडं पाठ केली. आता पहिल्या दहांत योगायोगानं भित्रे जास्त निघाले तर? फरक नजरेमुळं पडला की स्वभावामुळं, सांगताच येणार नाही. तोच पक्षी दोन्ही वेळा घेतला, की स्वभाव दोन्हीकडं सारखा राहतो आणि उरतो तो नजरेचा फरक. अर्थात पहिल्या चाचणीत तो शहाणा होऊ शकतो, म्हणून अशा प्रयोगात कोणती चाचणी आधी हा क्रम बदलता ठेवावा लागतो. ही अक्कल महागड्या लॅबमधून येत नाही. ती गावच्या शाळेत तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजनं अदलाबदल करून बघणाऱ्या मुलालाही असते.

त्याच गटाचा पुढचा प्रयोग २०२० चा. दोन सारखे गुंडाळलेले खाद्यपदार्थ, त्यातला एक माणसानं हातात धरून मग खाली ठेवलेला. ३८ पक्ष्यांपैकी २४ जणांनी चोच मारली आणि त्यातल्या १९ जणांनी हात लागलेला पदार्थ निवडला. इथं थांबला असता तर प्रयोग अर्धा राहिला असता. हात लागलेली कोणतीही वस्तू त्यांना ओढते का? म्हणून मग खाण्याऐवजी स्पंजचे तुकडे ठेवले. स्पंजच्या बाबतीत तशी ठळक पसंती दिसली नाही. म्हणजे माणसाचा हात हा त्यांच्यासाठी "इथं खायला आहे" अशी खूण ठरतो, पण मुख्यतः खाण्यासारखी वस्तू समोर असेल तेव्हा. आरएसीच्या बैठकीत "कंट्रोल काय ठेवलाय?" असं विचारतात ना, तो स्पंज म्हणजे कंट्रोल.

ब्रिस्टलमध्ये दुसऱ्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीनं, अनुक स्पेल्टनं, वेगळा रस्ता धरला. पाठीवर जीपीएस बसवलेले बारा कुरव, आणि ते शाळेत, बागेत आणि कचरा केंद्रावर कधी जातात याच्या वेळा. शाळेत मधल्या सुट्टीला हजर, कचरा केंद्र उघडलं की तिथं हजर. बागेत मात्र माणसांच्या गर्दीशी वेळ जुळली नाही, तिथं ते सकाळी लवकर जात होते, बहुधा गांडुळं आणि किडे मिळतात म्हणून. मला हा तिसरा, न जुळलेला भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तीनपैकी दोन जुळले म्हणून "शहरी पक्षी माणसाच्या वेळापत्रकावर चालतात" असं एकच ढोबळ वाक्य ठोकून मोकळं होता आलं असतं.

आता थोडं आडवळण, पण कुरवावर बोलायचं आणि टिनबर्गन टाळायचा हे जमत नाही. निको टिनबर्गनला १९७३ चं नोबेल लॉरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर मिळालं. त्याचा गाजलेला प्रयोग म्हणजे हेरिंग कुरवाच्या पिवळ्या चोचीवरचा लाल ठिपका. पिल्लू त्या ठिपक्यावर टोचतं आणि आईबाप अन्न बाहेर काढतात. पुठ्ठ्याच्या डोक्यांवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके काढून पिलांना दाखवले आणि लाल सगळ्यात जास्त टोचला गेला, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. २००९ मध्ये कॅरेल टेन केट या डच शास्त्रज्ञानं मूळ लेख उकरून काढला. मूळ आकड्यांत लाल पहिला नव्हताच, काळा ठिपका पुढं होता! टिनबर्गनला वाटलं, लाल ठिपक्याचं डोकं प्रत्येक तुलनेत पुन्हा पुन्हा दाखवल्यामुळं पिलं त्याला सरावली असावीत. त्यानं आणखी एक छोटी चाचणी घेतली आणि तिच्या आधारानं आकडे दुरुस्त केले. मूळ लेखात हे सगळं लिहिलेलं होतं. पुढच्या लेखनात दुरुस्तीचा उल्लेख गळाला आणि नुसता सुबक आलेख उरला. टेन केटच्या गटानं प्रयोग नीट रचून पुन्हा केला, तेव्हा लालच पुढं आला. टिनबर्गन बरोबर होता, पण त्याचा पुरावा आपण ऐकतो तेवढा स्वच्छ नव्हता. सिनॉप्सिसच्या पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात तुम्ही "अमक्यानं दाखवलं आहे" असं लिहिता, ते मूळ लेख उघडून लिहिता की तिसऱ्याच्या प्रस्तावनेतून उचलता, एवढंच विचारतो आणि पुढं जातो.

तर भंडारा.

समजा गेटवेच्या लाँचमागं चाळीस कुरव आहेत. तुम्ही दहा दिवस रोज फेरी मारली, प्रत्येक वेळी वीस नोंदी घेतल्या आणि लिहिलं, नमुना दोनशे. खरंच दोनशे? कडी घातलेली नाहीत, चेहरे ओळखता येत नाहीत. कदाचित तेच पंधरा धीट पक्षी रोज आले. एकाच माणसाला दोनशे वेळा मत विचारून दोनशे मतदार मोजल्यासारखं झालं हे. हर्लबर्ट नावाच्या परिसरशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये या प्रकाराला नाव दिलं, मराठीत आपण मिथ्या पुनरावृत्ती म्हणू. पुष्कळ प्रयोगांत हा दोष आहे असं त्यानं दाखवलं आणि तो लेख आजही वाचायला लावतात. नमुन्याचा आकडा फुगला, की संख्याशास्त्राची चाचणी खोटा आत्मविश्वास देते. पी-मूल्य छान येतं आणि अर्थ काहीच नसतो.

आणि इथंच आपल्या जिल्ह्याचं भाग्य. आपण तलावांचा जिल्हा म्हणून मिरवतो, पण या गोष्टीकडं संशोधनाची रचना म्हणून कुणी फारसं बघत नाही. मालगुजारी काळात बांधलेले मामा तलाव, ज्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचं कसब आहे, ते गावोगाव विखुरलेले आहेत. प्रत्येक तलाव वेगळा, पाळ वेगळी, गाव वेगळं. बंदरावर एकच मोठा थवा असतो, इथं मात्र एकमेकांपासून लांब असलेले कितीतरी तलाव आहेत. तुमचं एकक पक्षी नाही, तलाव धरा. तीस तलाव म्हणजे तीस स्वतंत्र नोंदींच्या जवळपास. दोन तलाव अगदी लगत असतील तर त्यातला एक गाळा. किनाऱ्यावरच्या संशोधकाला हे सहज मिळत नाही.

पक्षी कोणता? कुरव नको. गायबगळा, छोटा बगळा, ढोकरी. भंडारा शहरातला खांब तलाव असो की एखाद्या खेड्यातली बोडी, हे मिळणारच. ढिवर बांधव जाळं ओढतात तेव्हा काठावर बगळे कसे दबा धरून उभे असतात, ते तुम्ही लहानपणापासून बघताय. मग प्रश्न असा मांडा: ज्या तलावावर नियमित मासेमारी होते तिथला बगळा माणसाला जास्त जवळ येऊ देतो का? आणि माणूस त्याच्याकडं बघत येतोय की खाली मान घालून, यानं फरक पडतो का? गूमासच्या गटानं हेच जमिनीवर उभ्या कुरवांवर केलं: बघत चालत जा किंवा मान खाली घालून जा, आणि पक्षी उडेल तेव्हा किती अंतर उरलं ते मोजा. बघत आल्यावर पक्षी लवकर उडाले. शहरातल्या कुरवांनी माणसाला जास्त जवळ येऊ दिलं, पण नजरेला ते गावाकडच्यांसारखेच बिचकले.

याला लागतं काय? मोजपट्टी, वही, रंगीत खडे. सुरुवात केली तिथं एक खडा टाका, पक्षी उडाला तेव्हा तुम्ही होता तिथं दुसरा, पक्षी होता तिथं तिसरा. सुरुवातीचं अंतर दर वेळी सारखं ठेवा, कारण लांबून चालत आलात तर पक्षी लांबूनच उडतो असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. कपडे तेच, चाल तीच, एकटेच जा. एका पाळीवर एकच पक्षी घ्या, कारण पहिला उडाला की शेजारचा सावध झालेलाच असतो. मासेमारीचा वार तलावाच्या सोसायटीच्या लोकांना विचारून घ्या, आणि विचारायला जाताना नुसतं "डेटा द्या" म्हणू नका, तासभर बसा. कोणता बगळा कुठल्या कोपऱ्यात बसतो हे त्यांना तुमच्या गाइडपेक्षा जास्त ठाऊक असतं. शिंगाड्याची लागवड असलेले तलाव वेगळे नोंदवा, तिथली वर्दळ वेगळी असते.

पक्षी पकडायचा, कडं घालायचं असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पहिल्या वर्षी या भानगडीत पडूच नका. नजरेनं आणि खड्यांनी होणारा अभ्यास निवडा. अभयारण्याच्या हद्दीतले तलाव तर सरळ यादीतून काढा.

एका पक्ष्यावर मात्र ही चालत जाण्याची पद्धत वापरायची नाही. कुरवाच्याच कुळातला आपला पक्षी म्हणजे नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. नदीवर खाली-वर उडत मासा टिपणारा. कुरव आपल्याकडं पाहुणा असेल, सुरय नाही. तो इथंच अंडी घालतो, साधारण मार्च ते मे, नदीच्या पात्रातल्या उघड्या रेताडावर. घरटं म्हणजे वाळूतली एक उथळ वाटी, वर काडी नाही की पान नाही. विदर्भातल्या उन्हात आईबापांपैकी कुणीतरी अंड्यांवर सावली धरून बसलेलं असतं. तुम्ही उड्डाण-अंतर मोजायला चालत गेलात, पक्षी उडाला, तर तुमच्या वहीत एक आकडा येईल आणि अंडी उन्हात भाजतील, नाहीतर कावळा नेईल. २०२० पासून हा पक्षी जागतिक यादीत असुरक्षित (व्हल्नरेबल) प्रवर्गात आहे. बगळ्यावर चालणारा प्रश्न सुरयवर चालत नाही, तो यामुळं.

त्याच्यासाठी प्रश्न दुसरा आहे आणि माझ्या मते तो बगळ्याच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. रेताड राहतं किती दिवस? वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे, १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, ३३ दरवाजे आहेत. धरणाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि बेटं बुडतात. खालच्या बाजूला उन्हाळ्यात पाणी सोडलं तर उघडी पडलेली वाळू एका रात्रीत पाण्याखाली जाऊ शकते. उरलेल्या वाळूवर रेती घाटांचा डोळा. अंडी घालण्यापासून पिल्लू उडेपर्यंत दीड ते दोन महिने लागतात असं धरलं, तर प्रश्न सोपा होतो: मार्च ते मे या काळात एखादं रेताड सलग तेवढे दिवस कोरडं आणि बिनवर्दळीचं राहतं का?

हे काठावरून होतं. नदीत उतरायचं नाही, दुर्बीण घ्यायची, लांब उभं राहायचं. फेब्रुवारीच्या शेवटी कारध्याच्या पुलापासून सुरुवात करून खाली पवनीकडं जाताना दिसणारी प्रत्येक उघडी वाळू नकाशावर काढायची. उपग्रहाची मोफत चित्रं मिळतात, जुन्या वर्षांची बेटं त्यावरून मोजता येतात. मग दर चार-पाच दिवसांनी त्याच जागांवरून तीच पाहणी: वाळू किती उघडी, माणसं किती, जनावरं किती, ट्रॅक्टर आहे का, बसलेले सुरय किती. पाणी सोडल्याच्या तारखा पाटबंधारे खात्याकडून रीतसर अर्ज करून मागायच्या. अर्ज जानेवारीतच टाका, मार्चमध्ये टाकलात तर उत्तर येईपर्यंत हंगाम संपलेला असतो.

एकही घरटं सापडलं नाही तरी या पाहणीचा डेटा वाया जात नाही. कोणतं रेताड किती दिवस कोरडं राहिलं याची तारीखवार नोंद तुमच्याकडं असेल, आणि पुढच्या वर्षी पाणी कधी सोडायचं यावर कुणी बोलायला बसलं, तर टेबलावर ठेवायला तीच लागेल. वहीच्या पहिल्या पानावर पक्ष्याचं नाव नंतर लिहा. आधी चार रकाने आखा: तारीख, वेळ, रेताडाचा क्रमांक, पाण्यापासून वाळूची उंची अंदाजे वितींत. सुरय बसलाय की नाही हा पाचवा रकाना.